पाहा, सांगा आणि ऐका

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधू-भगिनींनो व सन्माननीय विश्वस्त मंडळी,



यावेळचा पाठ पुस्तकातला नाही. तरीही तो सर्व वर्गांसाठी आहे आणि घरी मोठ्यांनीही वाचावा अशी आमची विनंती आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, लहान मुले एकामागून एक दगावली. मृतांची संख्या वीसच्या वर गेली. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती. बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातील बालकेही त्यांत होती. अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेण्यात आले होते. सुरुवात साध्या सर्दी-तापाने झाली होती. त्यावर 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे औषध दिले गेले. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. ०.१ टक्क्याच्या वर ते चालतच नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रुग्ण गेले होते. हे विष मूत्रपिंड निकामी करते.

यात आईबापांचा दोष नव्हता. त्यांनी विश्वासाने औषध पाजले. दोष औषध तयार करणाऱ्यांचा आणि ते तपासणाऱ्या व्यवस्थेचा. पण या दुःखातून एक गोष्ट आपण सर्वांनी शिकून घेतली पाहिजे. या विषाची मोठी खूण म्हणजे लघवी कमी होणे किंवा बंद होणे. ही खूण पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. घरातला पाचवी-सहावीतला भाऊ किंवा बहीणही ती ओळखू शकते. आई-वडील संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीच्या शेतात गेले की धाकट्याजवळ दिवसभर तेच तर असतात!

मित्रांनो, तुम्हाला डॉक्टर व्हायचे नाही. तुमचे काम दोनच शब्दांचे आहे : पाहा आणि सांगा. पुढील खुणा पाठ करा.

१. आजारी बाळाने सहा ते आठ तासांत लघवी केली नाही.
२. श्वास भराभर चालतो, छाती आत ओढली जाते.
३. मूल हाक मारली तरी नीट जागे होत नाही, किंवा झटके येतात.
४. पाणी, दूध काहीच पोटात राहत नाही.
५. डोळे पिवळे दिसतात, हात-पाय व सांधे वारंवार दुखतात. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. अशा मुलाला कामचुकार म्हणू नये, रक्ताची तपासणी करून घ्यावी.
६. जमिनीवर झोपलेल्या मुलाचे पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. मण्यार चावली असू शकते. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही.

यांपैकी काहीही दिसले की वाट पाहू नये. सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात : कोणाला, काय, केव्हापासून. उदाहरणार्थ, "काकू, छोट्याला ताप आहे, त्याने सकाळपासून शू केली नाही." औषध दिले असेल तर बाटली फेकू नये, ती डॉक्टरांना दाखवावी. घरी कोणी नसेल तर शेजारी, आशाताई किंवा शाळेत बाईंना, गुरुजींना सांगावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आणि एका मोठ्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. हा उद्धटपणा नव्हे.

शू, शी, उलटी हे शब्द बोलताना लाजू नये. शरीराची गोष्ट सांगण्यात लाज कसली? स्वतःला काही होत असेल तर परीक्षा आहे, सहल आहे म्हणून लपवू नये.

आता पालकांसाठी. मूल सांगायला येते तेव्हा आपण कामात असतो. "शाळेला दांडी मारायची आहे का?" असे आपण पटकन बोलून जातो. मूल एकदा गप्प बसले की पुढच्या वेळी सांगत नाही. दहा वेळा त्याचे सांगणे किरकोळ निघेल, पण अकराव्या वेळी ते खरे असेल. म्हणून दर वेळी दोन मिनिटे ऐकावे. चार वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची काही मिश्र औषधे देऊ नयेत, असे निर्देश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिले होते. दुकानातून विचारून आणलेले किंवा मागच्या वेळचे उरलेले औषध बाळाला पाजू नये.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की प्रत्येक वर्गात डॉक्टर, रुग्णवाहिका व पालकांचे दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावण्याची व्यवस्था करावी. मुलांची स्वच्छतागृहे स्वच्छ राहतील, तिथे पाणी राहील, हेही पाहावे. जिथे जाण्याची किळस वाटते तिथे मूल जात नाही, आणि मग लघवी झाली की नाही हे कोणालाच कळत नाही.

गृहपाठ : वरील सहा खुणा वहीत लिहून आजी-आजोबांना वाचून दाखवा. नंतर 'कोणाला, काय, केव्हापासून' असे सांगण्याचा घरी एकदा सराव करा. पालकांनी वहीवर सही करावी.

आपला मुलगा, आपली मुलगी बोलली तर ऐकणारा कोणीतरी असलाच पाहिजे. एवढे झाले तरी हा पाठ सार्थकी लागला असे आम्ही समजू.

आपले,
प्राचार्य व शिक्षकवृंद