संकेतस्थळाचे ओझे

अमरावती जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, भातकुली नावाचा तालुका आहे. हा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील जमीन काळी व कसदार आहे. परंतु जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे विहिरीच्या पाण्यावर पीक काढणे कठीण जाते. म्हणून येथील शेतकऱ्याचे डोळे नेहमी आभाळाकडे लागलेले असतात.

मुलांनो, अशा एका शेतकऱ्याची कल्पना करा. श्रावणातील सकाळ आहे. कपाशीवर कीड दिसू लागली आहे व फवारणीची सर्व तयारी झाली आहे. पण फवारणी होताच पाऊस आला तर औषध धुऊन जाईल. पैसाही जाईल आणि श्रमही जातील. म्हणून तो बांधावर उभा राहून फोनवर हवामानाचे पान उघडू पाहतो. पडदा पांढराच राहतो. त्यावर एक लहानसे चक्र गरगर फिरत असते.

“बाबा, उघडलं का?” मुलगी विचारते.

“नाही गं, अजून फिरतंच आहे,” तो म्हणतो.

पान उघडते तेव्हा वर एक मोठे रंगीत चित्र दिसते, त्याखाली दुसरे चित्र, आणि अगदी तळाशी एक ओळ असते : ‘आज दुपारी पावसाची शक्यता.’ ती ओळ वाचावयास मिळेपर्यंत अर्धा पंप रिकामा झालेला असतो!

यात दोष कोणाचा? रानात फोनला पुरेसे जाळे मिळत नाही, हे खरे. पण दोष तेवढाच नाही. ज्याने ते पान तयार केले, त्याने त्यावर फार ओझे लादले होते.

संकेतस्थळ, म्हणजे ज्याला आपण बोलताना वेबसाइट म्हणतो, ते आपल्या फोनमध्ये नसते. ते दूर कोठेतरी सर्व्हर नावाच्या संगणकात साठविलेले असते. आपण पत्ता देताच त्या संगणकाकडे मागणी जाते आणि पानातील अक्षरे, चित्रे व सूचना आपल्याकडे येऊ लागतात. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत या व्यवस्थेची योजना मांडली. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. तेव्हापासून तारा सुधारल्या, वेग वाढला. आणि पानेही दिवसेंदिवस जड होत गेली.

जड माल दूर पाठवावयाचा कसा, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. एके काळी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत असत. पुढे मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपुरास पोचला. रस्ता वेगवान झाला. पण तेवढ्याने भागले नाही. कापूस सैल असतो व फार जागा खातो. म्हणून गावोगावी जिन आणि प्रेस उभे राहिले. जिनमध्ये सरकी वेगळी काढतात. शंभर किलो कापसातून सुमारे एक तृतीयांशच रुई निघते. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. आपल्याकडील एक गाठ १७० किलोची असते. रस्ता कितीही चांगला असो, ओझे आवरलेच पाहिजे, हे वऱ्हाडातील माणसाला कोणी शिकवावयास नको.

संकेतस्थळाचेही असेच आहे. त्याचा वेग वाढविण्याचे पहिले काम म्हणजे सरकी काढणे. जे वाचकाला नको, ते पाठवूच नये. थोडा हिशेब करू. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह सामान्यतः ३ बाइट जागा घेते. ‘भातकुली’ या शब्दात भ, काना, त, क, उकार, ल, ईकार अशी ७ चिन्हे आहेत. म्हणजे २१ बाइट झाले. या हिशेबाने तुम्ही वाचीत असलेला हा संपूर्ण पाठ सुमारे २० हजार बाइटांचा होईल. उलट फोनने काढलेले एक मोठे छायाचित्र सहज ४० लाख बाइटांचे असते. म्हणजे एका छायाचित्राच्या ओझ्यात असे २०० पाठ मावतील!

आता रानातले जाळे क्षीण आहे आणि सेकंदाला १० लाख बिटच येतात असे धरू. एका बाइटात ८ बिट असतात. ते छायाचित्र यावयास ३२ सेकंद लागतील. हा पाठ मात्र सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच येईल. तेच छायाचित्र फोनच्या पडद्याला पुरेल एवढे लहान करून १ लाख बाइटांवर आणले, तर तेही एका सेकंदाच्या आत दिसेल. पाहणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही. अक्षरांच्या वळणाबाबतही हाच विचार करावा. देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ असल्याने तिच्या टंकाची फाइल मोठी होते. बहुतेक फोनांत देवनागरीचा एक टंक आधीच असतो. तो वापरला तर वेगळा टंक पाठवावा लागत नाही.

दुसरे काम गाठ बांधण्याचे. बाजारभावाच्या पानावर ‘कापूस’ हा शब्द पन्नास वेळा येत असेल, तर तो एकदा पूर्ण लिहावा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ‘मागचाच शब्द’ अशी लहानशी खूण ठेवावी. १९९२ साली आलेली जीझिप ही पद्धत अशाच युक्तीने मजकूर आटोपशीर करते. गिरणीत गाठ सोडली की रुई जशी पुन्हा फुलते, तसा फोनमध्ये पोचताच मजकूर पूर्ववत होतो. एक काना किंवा मात्राही कमी होत नाही.

तिसरे काम म्हणजे माल जवळच्या वखारीत ठेवणे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरीही सर्व्हर अमेरिकेत असला, तर जाऊन-येऊन सुमारे २६ हजार किलोमीटरची फेरी होते व तिला १३ शतांश सेकंद लागतात. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु पान दिसण्यापूर्वी पत्ता शोधणे, ओळख पटविणे, मागणी करणे अशा अनेक फेऱ्या घडतात. त्याच पानाची प्रत मुंबईत ठेवली, तर एका फेरीला एक शतांश सेकंदही प्रवासात जात नाही. याशिवाय एकदा आलेले बोधचिन्ह किंवा टंक फोननेच जपून ठेवला, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवावा लागत नाही.

वखारी अनेक असल्या म्हणजे गर्दीही वाटली जाते. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी राज्यातील लाखो विद्यार्थी एकाच वेळी निकाल पाहू लागतात. सारे एकाच दाराशी आले, तर दार तुंबणारच. म्हणून निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर ठेवतात.

चौथे काम क्रमाचे आहे. बैलगाडीत सामान भरताना जे आधी उतरावयाचे, ते वर ठेवतात. पानातही जे वाचकाला आधी हवे, ते आधी पाठवावे. पावसाची ती ओळ प्रथम यावी. खालची चित्रे वाचक खाली जाईल तेव्हा आली तरी चालेल.

ही चारही कामे अवघड नाहीत. मग ती राहून का जातात? पान तयार करणारा बहुधा शहरात बसतो. त्याचा संगणक नवा असतो, त्याची तार वेगवान असते. त्याच्यापुढे जड पानही क्षणात उघडते, आणि सर्वांपुढे ते तसेच उघडत असेल, असा त्याचा समज होतो. त्याने एकदा जुना फोन हाती घेऊन शेताच्या बांधावर उभे राहिले पाहिजे. तेथे त्याला आपल्या कामाची खरी परीक्षा देता येईल.

एका पानामागे पाच सेकंद वाचले, तर त्यात काय मोठे, असे कोणी म्हणेल. पण ते पान दहा हजार माणसे पाहत असतील, तर पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास वाचतात. शिवाय न लागणाऱ्या प्रत्येक बाइटाचे पैसे वाचकाच्याच खिशातून जातात. घरी आलेल्या पाहुण्याला आपण दारात ताटकळत ठेवीत नाही. आधी पाणी देतो, मग बोलतो. संकेतस्थळावर येणारा वाचकही पाहुणाच असतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अशी पाने तयार करील, तेव्हा भातकुलीच्या बांधावर आभाळ भरून आलेले असताना फोनकडे पाहत उभा असलेला तो पाहुणा त्याने विसरू नये.

स्वाध्याय

१. फवारणीपूर्वी शेतकऱ्याला हवामानाचे पान का पाहावयाचे होते?
२. ‘सरकी काढणे’ आणि ‘गाठ बांधणे’ ही कामे संकेतस्थळाच्या बाबतीत कशी करतात?
३. तुमच्या गावाच्या नावात किती चिन्हे आहेत ते मोजा व त्याला किती बाइट लागतील ते सांगा.
४. ‘रस्ता कितीही चांगला असो, ओझे आवरलेच पाहिजे’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.