आधी डोळे तपासा, मग फी भरा

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. विद्यापीठाची एव्हिएशनची पदवी घेतली की ती पायलट होईल ना?
– एक पालक, नेसरी (ता. गडहिंग्लज)

उत्तर : नाही. व्यावसायिक परवाना विद्यापीठ देत नाही, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) देते. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र-गणित, वय १८ पूर्ण, हवामान-नॅव्हिगेशनसारख्या विषयांच्या लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. हे तास गोंदिया, बारामती, धुळ्याच्या धावपट्ट्यांवर भरतात, वर्गात नव्हे. पदवी जोडीला असली तर चांगलंच. उद्या वैद्यकीय कारणाने उडणं थांबलं तर तीच हाताशी राहते.

खर्च लाखांत जातो. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू, पाठोपाठ क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. संस्थेची मान्यता डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहा, आणि पूर्ण फी एकरकमी भरू नका.