खुराडं कोरडं, तर कोंबडी बरी

कुडाळच्या बाजूला आमच्या गावात मृगाचा पाऊस लागला की घरोघरी तीच तक्रार ऐकू येते: पिल्लं पंख पाडून बसलीत, दाणा टिपत नाहीत, विष्ठेत रक्त दिसतंय. मग दुकानातून पूड येते, पाण्यात कालवली जाते, चार दिवस बरे जातात आणि श्रावणात दुखणं पुन्हा उलटतं. गावठी कोंबड्या आणि त्यांच्यासोबत थोड्या गिरिराज, वनराज जातीच्या मी बरीच वर्षं पाळते आहे. हे उलटणं कशाने होतं आणि ते कसं थांबवता येतं, याबद्दल मला पटलेल्या गोष्टी इथे क्रमाने मांडते.

१. खुराडं उघडलं की आधी खाली बघा.
रात्रभराची विष्ठा एका जागी मिळते ती सकाळीच. निरोगी कोंबडीची विष्ठा तपकिरी-राखाडी, आकार धरणारी असते आणि तिच्यावर पांढरा थर असतो. तो पांढरा भाग म्हणजे तिची लघवी. दिवसातून काही वेळा ती चिकट, गडद तपकिरी, उग्र वासाची विष्ठाही टाकते. ती अंधांत्रातून, म्हणजे आतड्याच्या बंद टोकाच्या भागातून येते आणि नेहमीचीच असते. कडक उन्हाळ्यात पाणी जास्त प्यायल्याने किंवा पापड-लोणच्याचं खारट उरलंसुरलं खाल्ल्यानेही विष्ठा पातळ होते. औषधाची घाई तिथे नको. रक्त, हिरवट पाणी किंवा पिल्लाच्या गुदाशी चिकटून बसणारा पांढरा चिखल दिसला, तर मात्र त्याच दिवशी हालचाल करायची.

२. औषधाआधी रोगाचं नाव कळायला हवं.
हगवण अनेक रोगांत लागते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण होते ती कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे. अगदी लहान पिल्लांची पांढरी हगवण बहुतेकदा साल्मोनेला जिवाणूंची. हिरवी हगवण आणि वाकडी होणारी मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची खूण. हाडं लागलेली, खाऊनही अंगी न लागणारी तलंग असेल तर जंतांचा संशय घ्यावा. या चारही दुखण्यांवर एकच पूड चालत नाही. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया आणि जंतांची अंडी दोन्ही दिसतात. एखादी कोंबडी मेलीच, तर पुरण्याआधी शवविच्छेदनाबद्दल डॉक्टरांना विचारावं. पण बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर त्यांना हात लावू नका, घरी कापून तर मुळीच बघू नका. तो बर्ड फ्लू असू शकतो. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यातल्या नवापूरमध्ये सापडला होता. अशा वेळी दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर कळवावं.

३. रक्ती हगवणीचं मूळ ओलीत असतं.
कॉक्सिडियाची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. कोंबडीने टिपली की आतड्यात वाढतात आणि साधारण आठवड्याभरात तिच्याच विष्ठेतून हजारोंनी बाहेर येतात. म्हणजे औषधाने कोंबडी बरी झाली आणि खालचं तूस ओलंच राहिलं, तर ती दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच टिपते. शिवाय कोंबडीला बाधणाऱ्या या परजीवीच्या अनेक जाती आहेत. एका जातीशी अंग सरावलं तरी दुसऱ्या जातीपासून संरक्षण मिळत नाही. दुखणं उलटतं त्याचं हेही एक कारण.
फिनेलने ही अंडी मरत नाहीत. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी मात्र त्यांना सोसत नाही. म्हणून खुराडं जमिनीपासून उंच, पट्ट्यांच्या तळाचं असावं, म्हणजे विष्ठा खाली पडते. जमिनीवरच ठेवायच्या असतील, तर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरावं आणि रोज खालीवर करावं. मूठभर तूस दाबून बघा. गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे, मूठ उघडताच मोकळं झालं तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस सगळ्यात आधी भिजतं, तेवढं रोज काढून टाकावं. पावसाळ्यात तुसात थोडा विरलेला चुना मिसळला तर ओल कमी होते.

४. औषधाचं पाणी प्यायलं जातंय का, ते बघा.
आजारी कोंबडी आधी खाणं सोडते, पाणी बरंच उशिरा. त्यामुळे औषध पाण्यातून देणं योग्यच. पण पावसात परसभर डबकी असताना ती औषधाच्या भांड्याकडे फिरकतच नाही. औषध चालू असेपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, दुसरं पाणी मिळू देऊ नये आणि औषधाचं पाणी रोज ताजं करावं.
रक्ती हगवणीवर डॉक्टर बहुधा अँप्रोलियम देतात. आधी काही दिवस पूर्ण मात्रा आणि मग आठवडा-दोन आठवडे कमी मात्रा, असा त्याचा क्रम असतो. रक्त थांबलं म्हणून मधेच सोडू नका. हे औषध परजीवीला ब-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यातूनच त्याचा उपाय होतो. त्यामुळे त्याच दिवसांत ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाजलं तर औषधाचा जोर कमी होतो. टॉनिक नंतर द्यावं. हळद-लसूण खाऊ घालायला हरकत नाही, पण रक्त दिसल्यावर त्यांच्या भरवशावर दिवस घालवू नका. पिल्लाकडे तेवढा वेळ नसतो.

५. जंताचं औषध जंत बघून द्या.
गोल जंतांवर पिपरॅझिन चालतं, पट्टकृमींवर ते चालत नाही. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे वळवळताना दिसले तर ते पट्टकृमीचे. त्यांची बाधा मुंग्या, भुंगेरे आणि माश्या टिपल्याने होते, म्हणून उकिरडा खुराड्यापासून लांब हवा. गोल जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात. परस दोन भागांत कुंपणाने वाटून आलटून पालटून वापरलं तर जमिनीला ऊन खायला मिळतं.

६. पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या वेगळ्या ठेवा.
मोठी कोंबडी धडधाकट दिसते, तरी तिच्या विष्ठेतून रोग पसरत असतो. पिल्लांची जागा, भांडी आणि तूस वेगळं हवं. आधी पिल्लांची कामं उरकावीत, मग मोठ्यांची. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन-चार आठवडे लांब डालग्याखाली किंवा दुसऱ्या खुराड्यात ठेवावी.

७. मानमोडीवर फक्त लस.
या रोगावर औषध नाही. पहिली लस पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना, पुढची साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर. लस बर्फातून आणावी आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी. कुपीत बऱ्याच कोंबड्यांपुरती मात्रा असते, म्हणून वाडीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवणं सोयीचं पडतं.

८. बुरशी लागलेला दाणा कोंबड्यांना घालू नका.
माणसाला चालत नाही तो मका कोंबडीला, ही पद्धत घातक आहे. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं आणि रोगाशी लढण्याची ताकद घटवतं. मग प्रत्येक साथ त्याच घरात शिरते.

९. प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको.
कॉक्सिडिया, जंत आणि मानमोडीचा विषाणू, तिघांवरही नेहमीचं प्रतिजैविक निरुपयोगी. उलट त्याचा अंश अंड्यातून आपल्या ताटात येतो आणि जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. याच धोक्यामुळे केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर बंदी घातली. कुठलंही औषध घेताना एक प्रश्न नक्की विचारा: अंडी किती दिवस खायची नाहीत?

परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायाच सांभाळतात आणि अंड्यांचे पैसे त्यांच्या हातात राहतात. एक साथ आली की ती मिळकत आठवड्यात जाते. म्हणून सगळ्यांना एकच विनंती आहे. यंदा पाऊस लागण्याआधी खुराड्याचं छप्पर नीट करा, जुनं तूस काढून जागा कडक उन्हात तापू द्या आणि जवळच्या दवाखान्यात लसीची चौकशी करून ठेवा. ही कामं वैशाखातच उरकायला हवीत.