कॅप काढायची घाई करू नकोस

बेळगाव

चि. सायली,


रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली, तरी घास चावताना कळ येते आणि क्लिनिकवाले "होईल हळूहळू" म्हणून वाटेला लावतात, हे ताईकडून कळलं. उद्याच दुसरीकडे जाऊन कॅप काढून घ्यायचा तुझा बेत आहे म्हणे. तो आधी रद्द कर. कॅप फोडून दात पुन्हा उघडला की पहिल्या कामाचा पुरावाही गेला.

आधी त्याच क्लिनिकला ई-मेल कर. केसपेपर, आधीचे-नंतरचे एक्स-रे, बिल आणि काम ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचं नाव व नोंदणी क्रमांक माग. मोठ्या क्लिनिकांत पुष्कळदा सल्ला एकाचा, हात दुसऱ्याचा. त्यांना एकदा तपासूही दे. कॅप नुसती उंच बसली असेल तर थोडी घासून काम भागतं, आणि मग भांडणाचं कारणच उरत नाही.

दुखणं नाहीच थांबलं तर तुमच्या बंगळूरच्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारातल्या सरकारी दंत महाविद्यालयात जा. महागड्या पॅकेजचा आग्रह तिथे होणार नाही. तुझी वरची पहिली दाढ आहे ना? तिच्यात अनेकदा चौथी, केसासारखी बारीक नळी असते आणि ती साफ करायची राहून जाते. जे निघेल ते लिहून घे. "कुणी केलं हे असलं काम?" असं दुसरा डॉक्टर तोंडाने सहज म्हणतो, कागदावर सही करताना तोच सावध होतो.

एक मात्र ध्यानात धर. दुखणं राहिलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं नाही. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही रूट कॅनाल फसतं. सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, हीच कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात धरली. म्हणून आधी मोफत दुरुस्ती किंवा पैसे परत, एवढंच लेखी माग.

त्यालाही दाद दिली नाही तर ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे 1995 पासून ठरलेलं आहे. 2019 च्या कायद्याने तू राहतेस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आधी सल्ला हवा तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. राज्य दंत परिषद डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी करते. भरपाई हवी तर आयोगच.

गूगलवर रागाच्या भरात काही लिहू नकोस. लिहायचंच तर तारखा आणि घडलं तेवढंच. "लुटारू" वगैरे शब्द उलट तुझ्याच अंगाशी येतील.

ई-मेल आज रात्रीच पाठव, आणि एक प्रत मला टाक.

तुझा,
मामा