खिशातले संगीत : रूप आणि गुण

अर्थशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या पाठांत आपणांस एक गृहीतक भेटते. उपभोक्ता हा विवेकशील असतो. तो उपयोगिता पाहतो, किंमत पाहतो आणि मगच पैसे मोजतो. हे खरे मानले तर खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास मोठा चमत्कारिक ठरतो. कारण या बाजारात कमी सोयींच्या यंत्राने अधिक सोयींच्या यंत्रावर एकदा नव्हे, पुनःपुन्हा मात केली. वर्गात हा विषय निघाला की 'लोक दिखाऊपणाला भुलतात' एवढे म्हणून आमची मित्रमंडळी मोकळी होतात. मला ते उत्तर अपुरे वाटते. त्यात ग्राहकाला मूर्ख ठरविण्याची घाई आहे.

सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. किंमत ३३,००० येन. पत्रकारांसाठी असलेल्या 'प्रेसमन' या छोट्या टेपरेकॉर्डरवरून तो तयार केला होता. परंतु ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली होती, आणि भोंगाही नव्हता. ज्यावर आवाज भरता येत नाही असे यंत्र घेणार कोण, ही शंका खुद्द कंपनीतल्यांनाच होती. अकिओ मोरिता मात्र हट्टाला पेटले होते. पहिल्या ३०,००० नगांपैकी पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० खपले. मग कंपनीने तरुण मुलामुलींना कानाला हेडफोन लावून टोकियोच्या रस्त्यांतून फिरविले, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकविले. ऑगस्टअखेर सारा साठा संपला. येथे विकले गेले ते चालता चालता एकट्याने संगीत ऐकण्याचे सुख, आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात मांडता येण्याजोगे नव्हते. (आपल्याकडे पुढे कोणत्याही कंपनीच्या अशा यंत्राला 'वॉकमन'च म्हणू लागले, हे वाचकांना ठाऊक आहेच.)

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीचे 'नोमॅड ज्यूकबॉक्स' २००० साली आले. त्यात ६ गिगाबाइटची साठवण होती. ॲपलचा आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये जाहीर झाला. साठवण ५ गिगाबाइट, किंमत ३९९ डॉलर, रेडिओ नाही, आणि प्रथम तो केवळ ॲपलच्याच संगणकाशी जुळे. सोयींची यादी पुढे ठेवली तर नोमॅड सरस. तथापि नोमॅडचा आकार सीडी वाजविणाऱ्या यंत्राएवढा होता. तो खिशात मावत नसे. शिवाय त्यात गाणी भरावयाची म्हणजे तासन् तास बसावे लागे; आयपॉडच्या फायरवायर जोडणीने तेच काम काही मिनिटांत होई. ॲपलच्या जाहिरातीत गिगाबाइटचा बडेजाव नव्हता. 'एक हजार गाणी तुमच्या खिशात' एवढेच सांगितले होते. आता याला रूप म्हणावयाचे की गुण? माझ्या मते ज्याला आपण घाईने 'रूप' म्हणतो, त्यातले पुष्कळसे वापरातले गुण असतात. ते यादीत मावत नाहीत इतकेच.

परंतु निव्वळ रूपाचा भाग नव्हताच, असेही म्हणता येणार नाही. यंत्र खिशात लपलेले. लोकांना दिसणार काय? तर कानापासून लोंबणारी पांढरी वायर. त्या काळी बहुतेक हेडफोन काळे असत. २००३ पासूनच्या जाहिरातींत भडक रंगाच्या पार्श्वभूमीवर नाचणारी काळी छायाकृती आणि तिच्या हातातले पांढरे यंत्र व पांढरी वायर, एवढेच दाखविलेले असे. प्रदर्शनासाठी केलेल्या उपभोगाविषयी थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये जे लिहिले, त्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. जानेवारी २००४ मध्ये 'आयपॉड मिनी' २४९ डॉलरला निघाला, ४ गिगाबाइटचा. पन्नास डॉलर अधिक टाकले तर १५ गिगाबाइटचा मोठा आयपॉड मिळत होता. तरीही रंगीत, चिमुकल्या मिनीवर उड्या पडल्या.

मायक्रोसॉफ्टचा 'झून' नोव्हेंबर २००६ मध्ये रेडिओ, मोठा पडदा आणि बिनतारी देवाणघेवाण घेऊन आला. मित्राकडून घेतलेले गाणे मात्र तीन वेळा वाजविले किंवा तीन दिवस लोटले की बंद पडे! ज्या सोयीचा एवढा गाजावाजा, तिलाच असे कुलूप. २०११ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबले.

क्रिएटिव्हची कथा त्याहून करुण आहे. यादीतून गाणे निवडण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांच्याकडे होते आणि त्यापोटी ॲपलने २००६ मध्ये त्यांना १० कोटी डॉलर दिले. म्हणजे कल्पकतेत ते मागे नव्हते. त्यांच्या मालाकडे लोकांचे डोळे वळले नाहीत, एवढेच.

येथवर मी ग्राहकाची बाजू घेतली. एका ठिकाणी मात्र ती घेता येत नाही. आयपॉडची पाठ गुळगुळीत, एकही स्क्रू दिसत नसे. त्या सौंदर्यासाठी बॅटरी आत बंद केलेली होती. ती दुबळी झाली की मालकाला स्वतः बदलता येत नसे. अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले आणि २००५ च्या तडजोडीत कंपनीने काही ग्राहकांना ५० डॉलरचे खरेदीपत्र देऊ केले. खरेदीच्या दिवशी दुकानात हे रूप सर्वांनाच मोहक वाटले होते. त्याची किंमत किती, हे कळावयास दोन-तीन वर्षे जावी लागली. आणि तोवर दुकानात नवा नमुना मांडलेला असे.