सस्पेन्शनच्या कामानंतर वाकडे राहणारे स्टिअरिंग : दोष कुठे, इलाज काय?

शॉकअप, लोअर आर्म किंवा टायरॉड एंड बदलून गाडी रस्त्यावर आणली. गाडी सरळ चालते आहे, पण हातातले स्टिअरिंग मात्र एका बाजूला कललेले. भिवंडीहून ताके भरून माहीमच्या कापड बाजारात आणणारे आपले व्यापारी बंधू असोत की टॅक्सी चालविणारे भाऊ असोत, ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते. गॅरेजवाला म्हणतो, "चालेल शेठ, सवय होईल." सवय होते, हे खरे. परंतु वाकडेपणाचे कारण न पाहता सवय करून घेणे म्हणजे वरची घडी पाहून सगळा ताका उचलण्यासारखे आहे.

प्रथम दोन वेगळे आजार वेगळे ओळखावेत. गाडी एका बाजूला ओढते, म्हणजे हात सोडला की डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ लागते, हा एक आजार. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडे, हा दुसरा. पहिल्याची कारणे बहुधा टायरची हवा, एका चाकाचा धरून राहणारा ब्रेक, टायरचीच खराब बांधणी किंवा चाकाचा कल यांत सापडतात. आज आपण दुसऱ्याविषयी बोलत आहोत. तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधून उंच व कडेला उतरता केलेला असतो. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे घसरते आणि चालकाचा हात नकळत उजवीकडे राहतो. तेवढ्यावरून कारागिराला बोल लावू नये. फजरच्या नमाजानंतर रस्ता रिकामा असताना शक्य तितक्या सपाट भागावर पाहावे. स्टिअरिंगच्या माथ्यावर कागदी पट्टी चिकटवावी आणि ती मधल्यापासून किती सरकली ते घड्याळाच्या मिनिटांनी मोजावे. एक मिनिट म्हणजे सहा अंश.

आता हे घडते कसे ते पाहू. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्याखाली रॅक असते आणि रॅकच्या दोन टोकांना दोन टायरॉड असतात. टायरॉडची लांबी चुडीवर फिरवून कमीजास्त करता येते. दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांच्या किती आत किंवा बाहेर आहेत, त्याला कारागीर टो म्हणतात. गाडी चालताना पुढची दोन चाके हा टो आपापसांत निम्मा-निम्मा वाटून घेतात, त्यांना स्टिअरिंगशी देणेघेणे नसते. समजा डाव्या बाजूचाच टायरॉड एंड बदलला आणि तो दोन मिलिमीटर लांब बसला. चाके तो फरक वाटून घेतील, गाडी सरळ जाईल आणि निम्मा फरक रॅकमधून वर येऊन स्टिअरिंगवर दिसेल. शॉकअप बदलताना चाकाचा कल हलला तरी टो बदलतो. म्हणून सस्पेन्शनला हात लागला की स्टिअरिंग हलणे यात नवल नाही. नवल आहे ते काम तसेच सोडून देण्यात.

आम्हा कपड्याच्या माणसांना हे लवकर समजते. चौकड्याच्या कापडात बाणा तिरपा गेला, तर एकच कोपरा ओढून तो सरळ होत नाही. एक बाजू जेवढी ओढावी तेवढी दुसरी सोडावी लागते. टायरॉडचेही तसेच आहे. फक्त एकाच बाजूचा टायरॉड फिरवून स्टिअरिंग सरळ केले, तर टो बिघडला. डोळ्यांना बरे वाटेल, टायर मात्र घासत राहील. हिशेब करून पाहा. दोन्ही चाकांचा मिळून टो चार मिलिमीटर चुकला, म्हणजे एका चाकाला दोन. टायरचा व्यास सुमारे ५५ सेंटिमीटर धरला, तर ते चाक दर किलोमीटरला साडेतीन मीटरहून जास्त आडवे घासत जाते. मालाने भरलेल्या गाडीचे टायर एका कडेने टक्कल पडलेले दिसते, त्याचे एक मोठे कारण हे.

याउलट टो बरोबर असेल आणि फक्त स्टिअरिंग दोन मिनिटे कललेले असेल, तर टायरला त्याचा त्रास नाही. म्हणजे हा दोष काही वेळा अगदी क्षुल्लक असतो व काही वेळा मोठ्या दोषाची निशाणी असतो. कोणता ते मोजल्याशिवाय कळत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. चारही टायरची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे करावी. जुने टायरॉड एंड, बॉल जॉइंट, बुश यांत खेळ आहे का ते हलवून पाहावे. ढिल्या सांध्यावर केलेले अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात जाते. लोअर आर्मचे रबरी बुश असतील, तर त्यांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसू नयेत. चाके जमिनीवर, गाडीचे वजन त्यांवर आल्यावर कसावेत. नाही तर रबर कायम पिळलेले राहते, त्या बाजूला गाडीची उंची फरक दाखवते आणि बुश लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजात ही गोष्ट हमखास राहून जाते.

मग पुढची चाके उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि फेरे मोजावेत. साडेतीन फेरे झाले, तर पावणेदोनवर रॅक मध्यावर आली. त्या जागी स्टिअरिंग सरळ असेल, तर वरचे सगळे ठीक, दोष टायरॉडमध्ये किंवा मागच्या अॅक्सलमध्ये. तेथेच स्टिअरिंग वाकडे असेल, तर रॅक काढताना खालचा सांधा किंवा वरचे चाक एखादा दाता चुकून बसविले गेले. दोष जेथे आहे तेथेच दुरुस्त करावा.

काही मिस्त्री सोपा मार्ग काढतात. स्टिअरिंगचे चाक काढले, एक-दोन दाते फिरवून पुन्हा बसविले, पैसे घेतले. ही पद्धत मला पसंत नाही. दांड्यावर ३६ दाते असतील, तर एक दाता म्हणजे दहा अंश. चार-पाच अंशांचा दोष त्याने जाणारच नाही. शिवाय रॅक मध्यावरून सरकलेलीच राहते आणि गाडी एका बाजूला लहान वर्तुळात वळते, दुसऱ्या बाजूला मोठ्या. माहीमच्या दर्ग्याकडच्या अरुंद गल्ल्यांत गाडी वळविणाऱ्याला हा फरक लगेच जाणवेल. आणि १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोरची एअरबॅग सक्तीची आहे. ती त्याच चाकात बसविलेली असते. माहिती नसलेल्या हाताने तेथे पाना लावणे जिवावर बेतू शकते.

टायरॉड फिरविण्याची दिशा अशी. सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे कललेले आहे आणि टायरॉड चाकाच्या मध्याच्या मागे आहेत, तर डावा टायरॉड लांब करावा व उजवा तेवढाच आखूड करावा. टायरॉड चाकाच्या मध्याच्या पुढे असतील, तर नेमके उलटे. स्टिअरिंग डावीकडे कललेले असेल, तर सर्व उलटे. म्हणून अगोदर खाली वाकून पाहावे. चेकनट सोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करावी आणि रबरी बेलोची क्लिप ढिली करावी, नाही तर बेलो पिळला जाऊन फाटतो. टायरॉडची चुडी दीड मिलिमीटरची असेल, तर छोट्या गाडीत दोन्हीकडे एकेक पूर्ण फेरा म्हणजे स्टिअरिंगचे साधारण दोन मिनिटांचे अंतर. पाव फेऱ्याने पुढे जावे, चालवून पाहावे, पुन्हा पाव फेरा. शेवटी दोन्ही बाजूंना उघड्या दिसणाऱ्या चुड्या मोजाव्यात. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चौदा दिसत असतील, तर कोठे तरी आर्म वाकला आहे किंवा चुकीचा भाग बसला आहे, आणि टायरॉडच्या जोरावर ते लपविले जात आहे.

मागच्या चाकांकडे फार थोडे लोक पाहतात. आमच्या ओळखीच्या एका ड्रेस मटेरियलच्या व्यापाऱ्याच्या व्हॅनचे दोनदा अलाइनमेंट झाले, स्टिअरिंग काही सरळ होईना. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने साधी टेप घेतली. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावीकडे आणि उजवीकडे मोजले. बारा मिलिमीटरचा फरक! मागच्या पाट्यांचे कामही त्याच वेळी झाले होते. एका पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला होता आणि यू-बोल्ट तसेच कसले होते. अॅक्सल तिरका, म्हणून गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालत होती आणि पुढची चाके ती चाल सावरण्यासाठी वळलेली राहत होती. पुढे कितीही फिरविले तरी काय उपयोग? पाटे असलेल्या प्रत्येक माल-गाडीत ही टेप आधी लावावी. खर्च शून्य.

या विषयावर बोलताना प्रीमियर पद्मिनीची आठवण येते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. तिच्यात रॅक नव्हती, स्टिअरिंग बॉक्स होता. अशा बॉक्समध्ये मध्यावर खेळ सर्वांत कमी ठेवलेला असतो. बॉक्स मध्यावर नसेल, तर सरळ रस्त्यावरच स्टिअरिंग ढिले लागते. म्हणून जुने उस्ताद अगोदर बॉक्सचा मध्य शोधत आणि मगच टायरॉडला हात लावीत. जुन्या जीपगाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आजही हाच क्रम पाळावा.

गाडी मशीनवर लावायची झाली, तर काही गोष्टींचा आग्रह धरावा. पॉवर स्टिअरिंग असेल, तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग मध्यावर आणावे, मगच ते पट्ट्याने बांधून टायरॉडला पाना लावावा. मागच्या चाकांचेही आकडे घ्यावेत. काम करण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन छापील कागद मागून घ्यावेत. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी करणाऱ्यांना आलेली ताकीद आपण दुकानाच्या गजापुरती समजतो. मजुरी पूर्ण घेऊन मोजमाप न करणे हेदेखील मापात कमी करणेच होय, हे आपल्या कारागीर बांधवांना मी आदराने सांगेन. आणि व्यापारी बंधूंनीही चालवून पाहण्याअगोदर बिल चुकते करण्याची घाई करू नये, तसेच अर्ध्या मजुरीत पूर्ण मोजमाप मागू नये. बिलावर कोणता भाग, कोणत्या बाजूचा बदलला, हे लिहून घ्यावे. पुढे दोष निघाला, तर वाद कमी होतो.

नव्या गाड्यांची एक गोष्ट वेगळी आहे. ज्यांत इलेक्ट्रॉनिक स्थिरतेची व्यवस्था आहे, त्यांत स्टिअरिंग किती वळले हे मोजणारा सेन्सर असतो. टायरॉडने स्टिअरिंग सरळ केल्यावर या सेन्सरचा शून्य पुन्हा ठरवून घ्यावा लागू शकतो. काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. तो ठरविला नाही, तर समोर दिवा लागलेला राहतो. दोनशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर चेकनट पुन्हा तपासावेत आणि पुढच्या टायरवरून तळहात आतून बाहेर व बाहेरून आत फिरवावा. एका दिशेला गुळगुळीत व दुसऱ्या दिशेला करवतीसारखे लागले, तर टो अजून चुकलेला आहे. गाडी त्याच कागदासह परत न्यावी.