सावलीविना चेहरे : निकोलस हिलियार्ड

छायाप्रकाशाशिवाय चेहऱ्याला उठाव येत नाही, असे आपण चित्रकलेच्या वर्गात पहिल्यापासून ऐकत आलो. मग ज्याने सावली जवळजवळ वर्ज्य केली, त्या निकोलस हिलियार्डची माणसे इतकी सजीव कशी वाटतात? या प्रश्नामुळेच मी या इंग्रज लघुचित्रकाराकडे वळलो.

हिलियार्ड सोनाराचा मुलगा. जन्म एक्झिटर येथे, सुमारे १५४७ चा. १५६२ साली लंडनच्या रॉबर्ट ब्रँडन या सोनाराकडे तो उमेदवारीला राहिला आणि पुढे त्याचाच जावई झाला. सोनारकामातला हात त्याच्या चित्रांतही दिसतो. पत्त्याच्या पानावर चिकटवलेल्या तलम कातड्यावर तो पाण्यात कालवलेल्या रंगांनी काम करी. माणिक दाखवायचे असले, की घोटलेल्या चांदीवर तापल्या सुईने रंगीत राळेचा थेंब ठेवी. त्याने काढलेले राणी पहिल्या एलिझाबेथचे १५७२ चे चित्र जेमतेम पाच सेंटिमीटर उंच आहे.

सुमारे १६०० साली त्याने आपल्या कलेवर एक प्रबंध लिहिला. तो छापला गेला १९१२ साली. त्यात तो सांगतो, की चित्रासाठी राणी बागेत उघड्यावर, झाडाची सावलीही पडणार नाही अशा जागी बसली. यात राणीची खुशामत असेलही. पण त्याचा युक्तिवाद मला पटतो. उंचावर टांगलेले मोठे चित्र दुरून पाहायचे असते, म्हणून त्याला सावली लागते. लघुचित्र हातात धरून डोळ्यांजवळ न्यायचे असते. तेथे रेषा पुरेशी बोलते. क्षणात मावळणारे हसू आणि चोरटी नजर पकडावी, असेही तो बजावतो. ‘गुलाबांतील तरुण’ या चित्रात झाडाला टेकलेला, छातीवर हात ठेवलेला प्रेमिक पाहावा. त्याची सारी व्याकुळता रेषेतच आहे.

इतरांना रत्नांनी मढवणारा हा कलावंत कर्जापायी १६१७ साली तुरुंगात गेला आणि १६१९ च्या जानेवारीत वारला. त्याच्या चित्रांतली चांदी आता काळवंडली आहे, अनेक चेहऱ्यांवरची गुलाबी छटा विटली आहे. तेव्हा आज दिसणारा फिकेपणा त्याच्या पदरी घालू नये. रंग विटले तरी चेहरे ओळखू येतात, ते रेषेच्या बळावर. सावली भरण्याची घाई करणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.